पॉझिटिव्हपर्यंतचं पॅकेज

स्नेहलतागंजातून पलासियाकडे निघालात की वाटेत कुठेतरी एक गुबगुबीत बाळ तुमच्याकडे बघून हसतं. डोळे निळे, जावळ सोनेरी. असलं बाळ इंदुरात कुणाच्या पाळण्यात मी अजून पाहिलेलं नाही, पण आमच्याकडच्या होर्डिंगांवर दुसरं जन्मतच नाही. बाळाशेजारी टक्के लिहिलेले असतात. किती, ते सांगण्यात अर्थ नाही. दर दिवाळीला ते वाढतात. टक्क्यांच्या डोक्यावर एक इवलासा तारा, आणि त्याचा खुलासा इतक्या बारीक अक्षरात की वाचायचा तर स्कूटर थांबवून शिडी मागवावी लागेल. हप्त्यांची सोय मात्र ठळक असते. ती चालत्या बसमधूनही वाचता येते.

मी जेल रोडजवळच्या एका करसल्लागाराकडे जमाखर्च बघते. स्नेहलतागंज, रामबाग, लोकमान्य नगर इथल्या बऱ्याच मराठी घरांचे कागद माझ्या टेबलावरून जातात, त्यामुळे कुणाच्या घरात काय चाललंय ते त्यांच्या सख्ख्या जावांच्या आधी मला कळतं. मार्च जवळ आला की एखादा नवरा सगळे कागद देऊन झाल्यावर पिशवीच्या तळातून आणखी एक फाईल काढतो. गुलाबी कव्हर, वर बाळाची पावलं. आवाज खाली आणून विचारतो, "ताई, हे कुठे बसतं का बघा ना." कुठेच बसत नाही. प्राप्तिकराच्या सवलतीच्या यादीत कर्करोग आहे, मूत्रपिंड निकामी होणं आहे. मूल न होणं हा त्या खात्याच्या लेखी आजार नाही. मी फाईल परत देते, तो ती पुन्हा तळाशी ठेवतो.

तितकीच जाड फाईल माझ्याही कपाटात आहे, म्हणून हे लिहिते. सहानुभूतीसाठी लिहीत नाही. ती आमच्या गल्लीत फुकट आणि मुबलक मिळते, नको असली तरी दारात आणून देतात. मला हिशेब हवा आहे.

तर आधी जुनी बाकी. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ २५ जुलै १९७८ ला इंग्लंडमधल्या ओल्डहॅमच्या सरकारी इस्पितळात जन्मलं. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबरला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून एक मुलगी जन्मली. बंगाल सरकारनं समिती नेमली, समितीनं त्यांना खोटं ठरवलं, सरकारनं त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली, आणि जून १९८१ मध्ये त्या माणसानं आत्महत्या केली. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत, परळच्या केईएममध्ये, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून भारतातलं शास्त्रीय नोंदी असलेलं पहिलं आयव्हीएफ बाळ जन्मलं. केईएम म्हणजे महापालिकेचं इस्पितळ, आणि त्यांच्या जोडीला संशोधन करत होती ती सरकारच्या आयसीएमआरची संस्था. म्हणजे ही विद्या या देशात शिरली ती पालिकेच्या फाटकातून, करदात्याच्या पैशांनी. मग ती कधी काचेच्या इमारतीत, लिफ्टनं तिसऱ्या मजल्यावर, सोफ्यावर जाऊन बसली, ते कुणी कुणाला विचारलं नाही. मोफत आयव्हीएफ देणारं पहिलं राज्य म्हणून गोव्यानं बांबोळीच्या मेडिकल कॉलेजात केंद्र उघडलं ते २०२३ साली. परळ ते बांबोळी, सदतीस वर्षं. आगगाडी याहून लवकर पोचते.

मधल्या काळात सरकार गप्प बसलं होतं असं नाही. १९५२ पासून ते आमच्या गर्भाशयांत लक्ष घालून आहे. मूल नको असेल तर नसबंदी फुकट, वर हातात पैसे. हवं असेल तर मात्र तो तुमचा खासगी मामला. आयुष्मान कार्डावर गुडघा बदलून मिळतो, हृदयात स्टेंट बसतो. वंध्यत्वाचे उपचार वगळलेल्या यादीत. आणि हे सरकारला कळत नाही म्हणून होतं असंही समजू नका. केंद्रानं स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस या आरोग्य योजनेत २०११ मध्येच ठरवून टाकलं होतं की आयव्हीएफच्या एका सायकलला, म्हणजे उपचाराच्या एका फेरीला, ६५,००० रुपयांपर्यंत, अशा तीन सायकलींपर्यंत खर्च परत मिळेल. म्हणजे कारकुनाच्या बायकोला मूल होत नसेल तर तो आजार, आणि त्या कारकुनाला पोहे-जिलबी विकणाऱ्याच्या बायकोला होत नसेल तर ती हौस.

कुणी म्हणेल, सरकारी इस्पितळात विचारायचं होतंत. एमवाय इस्पितळ आमच्यापासून काय लांब आहे? ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस त्याच एमवायच्या नवजात अतिदक्षता विभागात दोन बाळांना उंदीर चावले आणि ती दोन्ही बाळं गेली. मृत्यूचं कारण उंदीर नव्हते, असा खुलासा झाला. असेल. पण ज्या बाईनं दहा वर्षं मुलाची वाट बघितली आहे तिला तो खुलासा वाचून दाखवा आणि मग सांगा, जा तिथे.

म्हणून आम्ही सोफ्यावर जाऊन बसतो. सोफ्यावर बसल्यावर जे होतं त्यात चूक शोधायची तर शास्त्रात शोधू नका. प्रयोगशाळेत मान मोडून काम करणारी एम्ब्रियॉलॉजिस्ट मुलगी, तिचे इन्क्युबेटर, हवा गाळणारी यंत्रं, याला पैसे लागतात हे मला कळतं. सायकलमागे दीड-दोन लाख, कधी त्याच्याही वर, हे आकडे माझ्या टेबलावरच्या फायलींतून मी रोज बघते, आणि त्यातला मोठा भाग खरा खर्च आहे हेही मान्य करते. माझं भांडण टक्क्यांशी आहे.

समजावण्यापुरते आकडे घ्या. शंभर बायकांनी पोटात इंजेक्शनं घ्यायला सुरुवात केली. कुणाची अंडी तयारच झाली नाहीत, कुणाचा गर्भ प्रयोगशाळेत वाढला नाही, कुणाचं अस्तर जमलं नाही. ट्रान्स्फरपर्यंत, म्हणजे गर्भ पोटात सोडण्यापर्यंत, पोचल्या ऐंशी. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, बीटा पॉझिटिव्ह आला चाळीस जणींचा. पुढे काहींचा आकडा चार दिवसांत उतरला, काहींच्या सोनोग्राफीत रिकामी पिशवी निघाली, काहींचे ठोके आले आणि थांबले. बाळ घेऊन घरी गेल्या अठ्ठावीस. आता होर्डिंगवर काय लिहाल? माझ्या शाळेतल्या गणितानं अठ्ठावीस टक्के. त्यांच्या गणितानं पन्नास: वर बीटाचे चाळीस ठेवायचे, खाली ट्रान्स्फरचे ऐंशी. छेदातून वीस बायका गायब, अंशात बारा बायका फुकटच्या. आमच्या धंद्यात असा ताळेबंद लिहिला तर नोटीस येते.

त्या फुकटच्या बारांत मी आहे. बीटा आला त्या दिवशी रिसेप्शनवर केक कापला, फुगे हातात देऊन आमचा फोटो काढला. ठोके थांबले ते नवव्या आठवड्यात. काही महिन्यांनी जुने रिपोर्ट आणायला गेले तर तो फोटो भिंतीवर होता, नव्या जोडप्यांच्या अगदी समोर. मी म्हटलं, हा काढा. काउंटरवरच्या मुलीनं खरोखरच गोंधळून विचारलं, "पण मॅडम, तुमचा पॉझिटिव्ह आला होता ना?" तिचा काय दोष? तिच्या रजिस्टरमध्ये रकाना तेवढाच आहे.

अमेरिकेत १९९२ च्या कायद्यानं दवाखान्यांचे यशाचे आकडे, दवाखान्याच्या नावानिशी, छापायला सुरुवात झाली. ब्रिटनमध्ये एचएफईए नावाची सरकारी संस्था दवाखानावार जन्मांचे आकडे लोकांपुढे ठेवते. कुठल्या वयाच्या किती जणींच्या हाती बाळ लागलं, घरबसल्या बघा. आपल्याकडे या उपचारांसाठीचा एआरटी कायदा झाला २०२१ मध्ये, लागू झाला जानेवारी २०२२ पासून. त्यात नोंदणी आहे, राष्ट्रीय रजिस्ट्री आहे, बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा आहे, गर्भलिंगाच्या जाहिरातीला तुरुंग आहे. दराला मर्यादा नाही, आणि कुठल्या दवाखान्यातून किती बाळं घरी गेली ते माझ्यासारखीला बघता येईल अशी भिंतही नाही. एक गोष्ट मात्र आहे, आणि ती फार कुणाला ठाऊक नसते. दवाखान्यानं जोडप्याचं समुपदेशन करावं, त्या दवाखान्यात यशाची शक्यता किती, खर्च किती, धोके कोणते, दत्तकाचा पर्याय कसा, हे सगळं सांगावं, असं कायद्यात लिहिलंय. शिवाय तक्रार कक्ष ठेवावा असंही. आमचं समुपदेशन करायला जी बाई आली ती हप्त्यांचा तक्ता घेऊन आली. गोरीपान, फार प्रेमळ. तिनं माझा हात हातात घेतला आणि विचारलं, पगार कुठल्या बँकेत होतो?

आणि पॅकेज! एका सायकलचं महाग, तीनचं स्वस्त, म्हणजे पहिली फसणार हे विकणाऱ्यानं धरूनच चाललंय. पॅकेजबाहेर काय काय ते पैसे भरल्यावर कळतं: इंजेक्शनं वेगळी, गर्भ गोठवणं वेगळं, त्याचं वार्षिक भाडं वेगळं. मग जोडण्या. गर्भाशयाचं अस्तर खरवडून घ्या, गर्भ चांगला रुजतो. २०१९ मध्ये तेराशेहून जास्त बायकांवर केलेला मोठा अभ्यास न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये छापून आला होता. खरवडण्यानं बाळ होण्याची शक्यता काडीचीही वाढली नाही. खरवडणं तरी थांबलं का? शिरेतून चरबीचं सलाईन घ्या, ब्रिटनच्या एचएफईएनं त्याला लाल शेरा दिला होता, इथे त्याचं स्वतंत्र बिल असतं. आशेवर असलेली बाई नाही म्हणत नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. मीही नाही म्हटलं नाही. त्या टेबलावर बसून नाही म्हणणारी बाई मला अजून भेटायची आहे. आणि पैसे येतात कुठून? आमचा सराफा रात्रीच्या खाण्यासाठी देशभर गाजतो. दिवसा तिथे काय चालतं ते बघायला कुणी यूट्यूबवाला येत नाही. दिवसा तिथे लग्नातल्या पाटल्या वजनकाट्यावर चढतात, आणि सराफ काही विचारत नाही.

१९५४ चा एक कायदा आहे, चमत्कारी औषधांच्या जाहिरातींवरचा. ज्या आजारांवरच्या औषधाची जाहिरात करायचीच नाही त्यांच्या यादीत स्त्रीचं वंध्यत्व आहे. त्यामुळे रेल्वे रुळांलगतच्या भिंतीवर रंगवलेला हकीम गुन्हेगार ठरतो. डॉक्टरांनाही २००२ च्या नियमांनी स्वतःची जाहिरात करून गिऱ्हाईक ओढायला मनाई आहे. पण औषधाऐवजी पॅकेज विकलं, आणि डॉक्टरऐवजी कंपनीनं विकलं, की फलक चाळीस फुटी. हकीम बिचारा कंपनी काढायला विसरला.

हे झालं पॉझिटिव्ह येईपर्यंत. त्यानंतर जे होतं त्याचा धनी कुणीच नाही.

ठोके थांबल्याचं कळलं त्याच संध्याकाळी पॅकेज संपलं. क्युरेटिनचं बिल वेगळं, भूलतज्ज्ञाचं वेगळं. विमा होता, चांगला होता, वर्षानुवर्षं हप्ता भरलेला. विमा नियामकानं २०१९ मध्ये वैयक्तिक पॉलिसींतल्या वगळण्यांची भाषा एकसारखी करून दिली. त्यातली सतरावी नोंद वंध्यत्वाची, आयव्हीएफसकट सगळं बाद. अठरावी बाळंतपणाची, आणि तिच्या पोटात गर्भ पडण्याचा खर्च, तोही बाद. कंसात एक दयाळू अपवाद: अपघातामुळे पडला असेल तर मिळेल. आमचा एजंट ओळखीतलाच, माझ्या धाकट्या दिराच्या वर्गातला. चहा पिता पिता म्हणाला, "वहिनी, स्कूटरवरून पडला असतात तर काहीतरी करता आलं असतं." वाईट हेतूनं नाही म्हणाला. त्याला खरंच हळहळ वाटत होती.

सुट्टीचं ऐका. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवडे भरपगारी रजा होती, आणि त्याच्या जागी आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती ठेवली आहे. न्यूझीलंडनं २०२१ मध्ये तीन दिवसांची रजा दिली तर जगभर कौतुक झालं. आपल्याकडे साठ वर्षं बेचाळीस दिवस कागदावर पडून आहेत. पण दहापेक्षा कमी माणसांच्या दुकानाला हा कायदा लागू नाही, आणि आमच्या ऑफिसात आम्ही चौघं. जिथे लागू आहे तिथेही बाई अर्जात काय लिहिते? "ताप." कारण खरं लिहिलं की दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत सगळ्या डब्यांबरोबर तेही उघडणार. एक मात्र न्यूझीलंडचं मला पटलं. त्यांचे तीन दिवस नवऱ्यालाही आहेत. आमच्या ह्यांना क्युरेटिनच्या दुसऱ्या दिवशी मार्केटिंगच्या टार्गेटची मीटिंग होती. गेले. संध्याकाळी आले आणि बाथरूमचा नळ बराच वेळ सोडून बसले. त्यांच्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही. मूल न होण्याचं कारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडेही असतं हे विज्ञान आमच्या गल्लीत अजून पोचायचंय. त्याला दुःखही होतं, ते तर त्याच्यापुढचं.

सरकारी वहीत बघितलंत तर माझ्या पोटात काही नव्हतंच. जन्म-मृत्यू नोंदणीत मृतजन्माची नोंद होते ती अठ्ठावीस आठवड्यांनंतर. त्याआधीचं काहीच झालेलं नसतं. मातृवंदना योजनेच्या २०१७ च्या नियमांत गर्भ गेलेल्या बाईचा उल्लेख आहे, मी कौतुकानं वाचला: घेतलेला हप्ता घेतलेलाच धरायचा, उरलेले हप्ते पुढच्या गरोदरपणात मिळतील. माझ्या धंद्यात याला बाकी पुढे ओढणं म्हणतात. जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही आम्ही आहोत. जगण्याच्या मर्यादेखालचा गर्भ पिवळ्या पिशवीत, ऊती आणि अवयवांच्या शेजारी. नियम चूक नाही, रोगजंतू कुणाला सोडत नाहीत. पण २०१७ पासून देशात सर्वांत स्वच्छ म्हणून मिरवणाऱ्या या शहरात ओल्या कचऱ्याची गाडी येते तीसुद्धा गाणं लावून, सांगून येते. त्या पिवळ्या पिशवीबद्दल मला कुणी आधी एक वाक्य सांगितलं असतं, तुम्हाला काही करायचंय का एवढं विचारलं असतं, तर कुणाचा कुठला नियम मोडणार होता?

मनुस्मृतीवर माझं फारसं प्रेम नाही, बायकांच्या बाबतीत तर नाहीच. पण गर्भस्रावाचं सूतक तिच्यात सांगितलंय: जितके महिने तितक्या रात्री, आईला. ते विटाळाच्या हिशेबानं सांगितलंय, दुःखाच्या नाही, हे मला कळतं. तरी महिन्यांचा आकडा मोजला तर आहे. दोन हजार वर्षांनंतरच्या आमच्या दवाखान्यानं, विमा कंपनीनं आणि महापालिकेनं मिळून तेवढंही मोजलेलं नाही.

आता आपली माणसं. इंदूरचा मराठी समाज फार सुसंस्कृत. नाटकाला वेळेवर येतो, मध्यंतरात हळू बोलतो, आणि कुणाच्या कुशीवर बोलायचं तर आवाज आणखी हळू करतो. शेजारच्या काकूंनी सांगितलं, तू ट्रान्स्फरनंतर जिना चढलीस. मामेसासूबाईंच्या मते पपई. एका मैत्रिणीच्या मते रीगलजवळचे खड्डे. २०२१ मध्ये लॅन्सेटनं गर्भपातावर मोठी लेखमाला छापली. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी साधारण पंधरा टक्के अशा जातात, जगभरात वर्षाला दोन कोटी तीस लाख. सुरुवातीच्या महिन्यांत जाणाऱ्या निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांचीच चूक असते. ती जिना चढून होत नाही आणि जिना न चढून टळत नाही. हे मी काकूंना छापून नेऊन दिलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाल्या, "तरी जपायला हवं होतंस."

मग उपाय. खजराण्याच्या गणपतीच्या मागच्या भिंतीवर उलटा स्वस्तिक काढून ये, इच्छा पुरी झाली की सुलटा काढायचा. त्र्यंबकेश्वरला तीन दिवसांचा नारायण नागबळी करून ये. गंमत अशी की खजराण्याचा गणपती एकटाच असा निघाला की ज्यानं आगाऊ पैसे मागितले नाहीत. आणि सगळ्यांत शेवटी, सुपारी कातरता कातरता, "दत्तक का घेत नाही तुम्ही?" जणू बाजारातून मेथीची जुडी आणायची आहे. होळकरांच्या गादीवर १८४४ साली बसलेले दुसरे तुकोजीराव दत्तकच होते, या शहराचं सिंहासन दत्तकावर तगलं, हे मला इतिहासाच्या तासालाच कळलंय. पण राजाला दत्तक एका दरबारात मिळतो. आम्ही पोर्टलवर नाव घालतो आणि तीन वर्षांहून जास्त रांगेत उभे राहतो. रांग कायद्यानं योग्यच आहे, मूल विकत मिळू नये. फक्त सल्ला देणाऱ्यानं सुपारी खाली ठेवून एकदा ती रांग बघावी. आणि हेही लक्षात घ्यावं की गेलेल्याची भरपाई म्हणून कुणाला घरी आणणं हा त्या येणाऱ्या मुलावर अन्याय आहे.

शेजारच्या याच काकू मात्र संक्रांतीच्या हळदीकुंकवाला माझी ओटी न भरता तबक पुढे नेतात, आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. त्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तिळाच्या वड्या मोजून डब्यात भरल्या. सासूबाई आत आल्या. ऐंशी वर्षांच्या, चार यत्ता शिकलेल्या. त्यांनी सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या आधी त्यांचे दोन गेले होते, एक पाचव्या महिन्यात. पन्नासहून अधिक वर्षांत हे त्यांनी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं. सांगून झाल्यावर त्या बाहेर गेल्या आणि काकूंच्या हातून तबक घेऊन त्यांनी सगळ्यांच्या देखत माझी ओटी भरली. आमच्या घराण्यातली ही एकमेव क्रांती, आणि तिला पोस्टकार्डाएवढाही खर्च आला नाही.

मला काय हवंय ते अवघड नाही. सुरू केलेल्या सायकलींतून, वयोगटानुसार, किती बाळं घरी गेली, हा आकडा दवाखान्याच्या दारावर, फलकावरच्या बाळाएवढ्याच आकारात. दरपत्रक त्याच्या शेजारी. पॅकेज विकायचंच असेल तर त्यात ठोके थांबल्यानंतरचं क्युरेटिनही धरा. पॉझिटिव्हचा केक धरता येतो तर हे का नाही? विम्याच्या अठराव्या नोंदीतली अपघाताची अट खोडा. आणि आयुष्माननं निदान एका सायकलचा भार उचलावा. ज्या सरकारला कारकुनाच्या ६५,००० चा हिशेब जमतो त्याला पोहेवाल्याचाही जमेल.

तोवर मी माझ्या टेबलापुरतं काम करते. गुलाबी फाईल आली की नवऱ्याला म्हणते, बायकोला घेऊन या. मग दोघांना एका कागदावर प्रश्न लिहून देते: तिच्या वयाच्या किती जणींनी तुमच्याकडे सायकल सुरू केली आणि किती जणी बाळ घेऊन गेल्या, पॅकेज कोणत्या दिवशी संपतं, आणि त्यानंतर काही वाईट झालं तर बिल कुणाचं. उत्तर सही-शिक्क्यानं घ्यायचं. खाली एआरटी कायद्यातलं समुपदेशनाचं कलम, शब्दशः.

परवा लोकमान्य नगरातली एक मुलगी तो कागद घेऊन गेली. काउंटरवरची बाई वाचून हसली. "मैडम, इतना निगेटिव नहीं सोचते, ट्रीटमेंट पर असर पड़ता है." मुलगी बँकेत काम करते, हलली नाही, तिनं कलमावर बोट ठेवलं. मग मॅनेजर आला. मग चहा आला. मग आजच पैसे भरलेत तर वीस हजारांची सूट आली. आकडा काही आला नाही. तो हेड ऑफिसला विचारावा लागतो म्हणे.